पालेभाजी शिजवली की सत्त्व जातं, मग फळांचा रसच बरा का?

चौकस_आई
मुलगा ५ वर्षांचा. पानात पालेभाजी दिसली की तोंड फिरवतो, संत्र्याचा रस मात्र मागून पितो. घरात एक मत असं की भाजी शिजवली की सगळं सत्त्व जळून जातं, त्यापेक्षा रोज पेलाभर ताजा रस दिला की भागलं. वाटीभर पालकाची जागा २०० मिली रस खरंच घेतो का? ढोबळ सल्ला नको, आकडे द्या. भाजी करताना नेमकं काय वाया जातं तेही सांगा.

आकडेमोड
१०० ग्रॅम शिजलेला पालक, फोडणीचं तेल न धरता: तंतू अडीच ग्रॅमच्या आत-बाहेर, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व) १४५ मायक्रोग्रॅमच्या आसपास, बीटा कॅरोटीन (यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं) सुमारे ६ मिलिग्रॅम, साखर अर्धा ग्रॅम, क जीवनसत्त्व जेमतेम १० मिलिग्रॅम.

२०० मिली संत्र्याचा रस: क ८० ते १०० मिलिग्रॅम, फोलेट ६० मायक्रोग्रॅम, कॅरोटीन नावापुरतं, तंतू अर्धा ग्रॅमही नाही, साखर १६-१७ ग्रॅम, म्हणजे चार चमचे.

क वर तुलना केली तर रस जिंकतो. बाकीच्या रकान्यांत तो स्पर्धेतच नाही.

आता ती साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीत रसातली साखर वरून घातलेल्या साखरेच्याच खात्यात धरली आहे, घरी काढलेला रस असला तरी. ही साखर दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर उत्तम. ५ वर्षांच्या मुलाला साधारण १३५० किलोकॅलरी लागतात; त्याचे ५ टक्के म्हणजे १७ ग्रॅम. एका पेल्यात कोटा संपला, बिस्किटं अजून बाकीच आहेत!

पेल्यासाठी दोन-तीन संत्री पिळावी लागतात. तीच सोलून पुढ्यात ठेवली तर पोरगं एकावर थांबतं, आणि गाळणीत राहणारा चोथा पोटात जातो. एका संत्र्यातही क ६०-७० मिलिग्रॅम असतंच.

मंद_आच
वरच्या आकड्यांशी सहमत. "सगळं सत्त्व जळतं" हे क च्या बाबतीत बरंचसं आणि फोलेटच्या बाबतीत थोडंफार खरं आहे. लोह, कॅल्शियम ही खनिजं, ती जळत नाहीत. फार तर पाण्यात उतरतात, आणि आपण ते पाणी मोरीत ओततो. कॅरोटीन तर शिजल्यावर जास्त अंगी लागतं, फक्त सोबत तेल हवं. माणशी चमचाभर फोडणी पुरते.

करताना एवढं पाळा. पानं अख्खी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात ठेवली की क पाण्यात गेलंच. कढईत वेगळं पाणी घालू नका, धुतलेल्या पानांना चिकटलेलं पुरतं. पहिली दोन मिनिटं झाकण नको: पानांतली आम्लं वाफेबरोबर उडून जातात आणि रंग हिरवा राहतो. नंतर हवं तर झाका, पाच-सहा मिनिटांत भाजी होते. हिरव्या रंगासाठी सोडा मुळीच नको. क आणि ब१ दोन्हींची वाट लागते. तांब्याचं कलई उडालेलं भांडं क ला तितकंच वाईट. लोखंडी कढई चांगली, पण भाजी झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि मुलगा आणखी एक कारण काढतो.

घरात मूतखड्याचा त्रास असणारं कुणी असेल तर पालक आणि माठापेक्षा मेथी, कोबी बरे. पालकातल्या ऑक्झलेटमुळे (मूतखड्यात सापडणारा क्षार) त्यातलं कॅल्शियमही शरीराला फारसं मिळत नाही.

लिंबू_पिळा
रसाला अगदीच मोडीत काढू नका. भाजीतलं लोह मुळात कमी शोषलं जातं, त्याच जेवणात क मिळालं तर जास्त. म्हणून आच बंद केल्यावर भाजीवर अर्धं लिंबू पिळा, किंवा जेवताना संत्र्याच्या चार फोडी द्या. चार वाजता एकटा प्यायलेला रस या कामाला येत नाही. मोठ्यांनी जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट लोह अडतं.

रस हमखास हवा ती वेळ वेगळी: इन्सुलिन घेणाऱ्याची साखर ७० च्या खाली गेली, माणूस शुद्धीवर आहे आणि गिळू शकतो, तर १५० मिली रस द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. तिथे भाजी कामाची नाही.

चौकस_आई
आभारी आहे. मग गाजर किंवा दुधीचा कच्चा रस काढला तर? भाजीही झाली आणि रसही.

आकडेमोड
गाजराचा गाळलेला रस म्हणजे तंतू पुन्हा गाळणीत, आणि तेलाशिवाय कॅरोटीनही नीट शोषलं जात नाही. किसून, फोडणी देऊन कोशिंबीर करा.

दुधीचा रस तर नकोच. एखादा दुधी कडू निघतो, त्यात कुकुरबिटासिन हे विषारी द्रव्य असतं. रसात ते एकदम पोटात जातं: उलट्या, रक्ताची उलटी, जुलाब, रक्तदाब खाली. त्यावर उतारा नाही. शिजवल्यानेही कडूपणा जात नाही, म्हणून भाजीसाठीसुद्धा चिरताना जिभेला तुकडा लावून बघा. कडू लागला तर थुंका आणि अख्खा दुधी फेका.