मुलगा ८ वर्षांचा झाला तरी खेळात लिंबूटिंबूच. मदत हवी आहे

मुलगा तिसरीत आहे. आम्ही डोंबिवलीत राहतो. अभ्यासाची तक्रार नाही, जेवताना पुस्तक हातातून काढून घ्यावं लागतं. प्रश्न खेळाचा आहे.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी त्याच्या पोटात दुखायचं. दोन महिने मी ओवा चारत बसले. मग एकदा वेळापत्रक नीट पाहिलं, तर त्याच दोन दिवशी पीटीचा तास!

लंगडी दोन उड्यांच्या पुढे जात नाही, तिसरीला पाय टेकतोच. चेंडू टाकला की डोळे मिटून घेतो, चेंडू पोटावर आपटून खाली पडतो आणि मग हात मिटतात. शर्टाची बटणं लावून झाली की खाली एक काज उरलेलं असतं. पीटीचे लेसवाले बूट मी बांधून देते, शाळेत सुटले तर लेस बुटात कोंबून तसाच चालतो.

गॅदरिंगच्या लेझीमला आधी शेवटच्या रांगेत होता, मग फलक धरायला उभा केला. घरी नाचत आला, "आई, मला आता प्रॅक्टिस नाही!"

सोसायटीत मुलं खेळायला घेतात, पण लिंबूटिंबू म्हणून. तो आणि एक बालवाडीतली चिमुरडी, दोघंच. परवा म्हणाला, "मी आऊट होत नाही ना, म्हणून मला कोणी पकडायलाच येत नाही."

नवऱ्याने क्रिकेटच्या क्लासला घातलं. तिथे कॅच सुटला की मैदानाला एक फेरी. अकरा दिवसांत ते प्रकरण संपलं. सासूबाई म्हणतात, "याचा बाबाही असाच धांदरट होता, होईल नीट." (बाबा अजूनही तसेच आहेत, पण ते असो.)

बालरोगतज्ज्ञांनी डोळे, रक्त, पाय सगळं तपासलं, काही निघालं नाही. त्यांनी 'डीसीडी', म्हणजे डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर, असू शकेल म्हणून ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (रोजची कामं, हालचाली सरावाने जमवून देणारे तज्ज्ञ) जायला सांगितलंय. शाळेला हे सांगावं का? शिक्का बसेल अशी धास्ती वाटते. आणि तोवर घरी काय करू? 'रेटून पाठवा, सवय होईल' हे कृपया लिहू नका, तो प्रयोग करून झालाय.

प्रतिसाद

ताई, माझी मुलगी आता १२ वर्षांची आहे, आम्ही यातून गेलोय. शंभरात साधारण पाच-सहा मुलांना हा त्रास असतो. आळस नाही, बुद्धीचा तर संबंधच नाही. हातापायांच्या हालचाली जुळवून आणणं या मुलांना जड जातं, दुसरी मुलं बघून शिकतात ते यांना तुकडे पाडून शिकवावं लागतं. थेरपिस्टकडे जाच, 'मोठा झाला की होईल' म्हणत आम्ही दोन वर्षं घालवली.

चेंडू सध्या माळ्यावर टाका. फुगा घ्या. तो सावकाश येतो, लागत नाही, डोळे उघडे राहतात. मग मोठा प्लास्टिकचा बॉल, टेनिस बॉल सगळ्यात शेवटी. लंगडी आधी खिडकीचा गज धरून.

आणि आपले खेळ बघा, जो बाद झाला तो बाहेर बसतो. म्हणजे ज्याला सराव हवा तोच सगळ्यात कमी खेळतो! आम्ही म्हणून पोहणं निवडलं. इतरांच्या दुप्पट वेळ लागला, पण तिथे कोणी बाद होत नाही. दिवसाला सरासरी ६० मिनिटं हालचाल हवी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात सायकल, भरभर चालणंही धरतात, क्रिकेटच हवं असं नाही.

शाळेत आजाराचं नाव नका सांगू हवं तर, गरज सांगा. 'लेझीमची एकेक पायरी वेगळी दाखवा, घरी करून घेते' एवढं आम्ही बाईंना सांगितलं होतं. त्यांनी ऐकलं. सगळ्याच ऐकतील असं नाही.

धागाकर्ती

खूप आभार. बुधवारची अपॉइंटमेंट मिळालीय, बाईंनाही भेटते.

काल रात्री फुगा आणला. पंखा बंद करावा लागला, दोघंही घामाघूम. सतरा वेळा जमिनीला लागू दिला नाही त्याने. अठराव्याला सासूबाईंच्या वातीच्या टोपलीतल्या सुईवर जाऊन फुटला. त्या म्हणाल्या, "उद्या दोन आणा."