इंग्लंडच्या खेड्यातल्या फुटबॉल लीगसारखं आपल्याकडं काही जमेल का?

केळीचा_घड (यावल)
राम राम मंडळी. आमच्या गावात शाळेमागे ग्राउंड आहे, संध्याकाळी पंधरा-वीस पोरं फुटबॉल खेळतात, टीव्हीवर प्रीमियर लीग बघून बघून नाद लागलाय. पण मॅच मिळते कधी तर वर्षातून एखादी टुर्नामेंट, ती पण कोणाच्या तरी वाढदिवसाची, एंट्री फी भरा, पहिलीच मॅच हरली की बॅग उचला नि घरी या. माझा मावसभाऊ इंग्लंडला आहे, तो सांगत होता तिकडं खेड्याखेड्यात टीम आहेत आणि दर शनिवारी मॅच, प्लंबर, मास्तर, शेतकरी असे सगळे खेळतात, पगार वगैरे काही नाही. हे चालतं कसं? पैसा कोण देतं, रेफरी कुठून येतो? रावेर-यावल-चोपडा मिळून असं काही उभं राहील का? क्रिकेटवाल्यांनी टोमणे मारा पण सोबत माहिती पण द्या.

गिरणाथडी
भाऊ, चांगला विषय काढला. मी मूळचा चाळीसगाव तालुक्यातला, सध्या बायकोच्या नोकरीपायी ग्लॉस्टरशायरच्या एका खेड्यात. शनिवारी दुपारी गावची मॅच बघायला उभा असतो, खेळत नाही, गुडघे गेले.

प्रीमियर लीग वर, तिच्याखाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू, मग नॅशनल लीग आणि तिथून पायऱ्या उतरत उतरत पार जिल्ह्याच्या लीगपर्यंत, तिच्यात पण परत डिव्हिजन वन, टू, थ्री. सगळं एकमेकाला जोडलेलं, जिंकत गेलात तर वर चढता. इथं नेल्सवर्थ म्हणून गाव आहे, आपल्या सावदा-फैजपूरपेक्षा कितीतरी लहान, त्यांचा फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्स क्लब १८८९ चा, २०१७ ला तो लीग टू मध्ये पोचला, मधे एक वर्ष लीग वन पण खेळला, २०२४ ला परत खाली नॅशनल लीगला आला. पण असं एखादंच. बाकी टीमांना वर जायची घाई नसते, आणि वर जायचं तर नुसतं जिंकून भागत नाही, फ्लडलाइट पाहिजेत, मैदानाभोवती कठडा पाहिजे, लोकांना बसायला शेड पाहिजे.

तुम्ही म्हणता ना पहिली मॅच हरलो की घरी, सगळं तिथंच अडतंय बघा. इथं सगळ्यात शेवटच्या नंबरची टीम, सात-सात गोल खाणारी, तिला पण पहिल्या नंबरवाल्याइतक्याच मॅच मिळतात, प्रत्येकाशी एकदा आपल्या गावात एकदा त्यांच्या गावात, ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतं ते एप्रिल-मे पर्यंत. बक्षीस म्हणजे एक कप आणि मेडल. म्हणून पोरं टिकतात, पुढच्या शनिवारी मॅच आहे हे माहीत असतं ना.

पैशाचं म्हणाल तर खेळणारा प्रत्येक जण मॅचला थोडे पौंड देतो, वर गावातला पब, गॅरेजवाला, बिल्डर यांपैकी कोणी शर्टवर नाव टाकायला पैसे देतो, रॅफल म्हणजे तिकिटांची सोडत निघते. त्यातून रेफरीची फी, काउंटी एफएची म्हणजे जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेची नोंदणी, विमा, ग्राउंडचं भाडं. ग्राउंड बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायतीचंच असतं, पॅरिश कौन्सिल म्हणतात, उन्हाळ्यात तिथंच क्रिकेट. क्रिकेटचं पीच हिवाळाभर दोरी लावून बंद, बॉल आत गेला आणि पोरगा बूट घालून आत शिरला की म्हातारे असे ओरडतात ना!

आणि सेक्रेटरी. आमच्या गावचा सेक्रेटरी साठीतला माणूस, सकाळी दहाला जाळी लावायला जातो, पोस्टचे हूक तुटलेत म्हणून खिशात टेप, मग कोपऱ्यांचे झेंडे रोवतो, मग पिशवी घेऊन अख्खं ग्राउंड फिरत कुत्र्यांची घाण उचलतो, आणि अकरावा खेळाडू उठला नाही तर त्याच्या घरी जाऊन दार वाजवतो. डिसेंबरला चारच्या सुमारास अंधार पडतो, लाइट नाहीत, म्हणून तेव्हा मॅच दीड-दोनलाच लावतात. असा एक माणूस गावागावात मिळाला तर लीग होईल भाऊ, खेळाडू काय मिळतीलच.

काळी_माती_शिरपूर
माहिती झकास पण भो, पोरं येतीन का? आमच्याकडं टेनिस बॉलला रोख बक्षीस, रात्रीची लाइट, माईकवर कॉमेंट्री, आणि तुम्ही म्हणताय कप आणि मेडल 😄 दुसरं म्हणजे ग्राउंड. आपली काळी माती, पावसात बुटाला किलोकिलोनी चिकटते, मार्चपासून भेगा, त्यात पाय अडकला तर घोटा गेला. तिसरं कापूस वेचणी. तुमचं शनिवार-शनिवार इथं चालायचं नाही.

पीटी_सर_भुसावळ
शिरपूरकर, चिखलाचं सांगू नका, इंग्लंडला हिवाळाभर हेच रडगाणं आहे. सकाळी ग्राउंडची पाहणी करायची आणि पाणी साचलेलं असेल तर मॅच पुढे ढकलायची, म्हणून तर एप्रिलला आठवड्यात दोन-दोन मॅच उरकाव्या लागतात. आपण दिवाळीनंतर ते होळीपर्यंत धरायचं, माती तोपर्यंत बरी असते. शनिवारच पाहिजे असं पण काही नाही, त्यांच्याकडे रविवारच्या वेगळ्या लीग आहेत, एफएनं म्हणजे तिथल्या देशाच्या फुटबॉल संघटनेनं १९६० पर्यंत रविवारच्या फुटबॉलला मान्यताच दिली नव्हती, आता ढिगानं आहेत. आपण प्रत्येक गावाचा बाजाराचा दिवस सोडून बसवू.

रेफरीचं मी सांगतो कारण ते माझ्या डोक्याला रोजचं आहे. तिकडं १४ वर्षांपुढचं कोणी पण काउंटी एफएचा कोर्स करून रेफरी होतं. खालच्या लीगला रेफरी एकच, दोन्ही बाजूंच्या लाइनला दोन्ही क्लबचा एकेक माणूस झेंडा घेऊन, बहुतेक वेळा बदली खेळाडूच, आणि ऑफसाइडवरून जी भांडणं होतात ती तुम्ही समजूनच घ्या. २०१९-२० च्या सीझनपासून खालच्या लीगांना सिन बिन लावलं, रेफरीला उलटसुलट बोललं की यलो कार्ड आणि १० मिनिटं बाहेर. आपल्याकडं हे पहिल्या दिवसापासून लावा, नाहीतर दुसऱ्या मॅचला रेफरी येणार नाही, मी तर नाहीच येणार. आणि नियमाप्रमाणे ७ खेळाडू असले तरी मॅच सुरू करता येते, कापसाच्या दिवसात कामाला येईल.

तापी_पूर्णा
दोन टीम असल्या तरी लीग होते लोकहो! इंग्लंडच्या टोकाला सिली बेटं आहेत, तिथल्या लीगमध्ये टीमच दोन, गॅरिसन गनर्स आणि वूलपॅक वॉन्डरर्स, सीझनभर एकमेकांशीच खेळतात, कप पण एकमेकांशीच 😂 तेव्हा रावेरनं नाही म्हटलं तरी यावलनं रडू नये.

केळीचा_घड (यावल)
वा, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. गिरणाथडी दादा एक सांगा, मधेच एखादी टीम बंद पडली तर काय करतात? आमच्याकडं हे होणारच, पोरं पुण्याला कंपनीत लागली की अर्धी टीम गायब.

गिरणाथडी
इथं पण तेच होतं, अकरा जण जमत नाहीत आणि जानेवारीत क्लब हात वर करतो. मग त्या टीमच्या झालेल्या मॅचचे निकालच टेबलातून काढून टाकतात, तिला हरवून मिळालेले पॉइंट पण गेले. ज्यांनी नऊ गोल मारलेले असतात ते फार चिडतात. बदली खेळाडू मात्र आत-बाहेर कितीदा पण करता येतात खालच्या लीगला, तेवढं नियमात लिहून घ्या, दमलेला माणूस दहा मिनिटं बसून परत येतो.

पीटी_सर_भुसावळ
गोलपोस्ट आधी बघा. २४ फूट रुंद, ८ फूट उंच, वेल्डिंगवाल्याला पाइपमध्ये सांगा, बांबूचे करू नका, आणि जमिनीत नीट गाडा, हलता पोस्ट पोरांच्या अंगावर पडतो.

काळी_माती_शिरपूर
बरं मग शिरपूरची एक टीम लिहा. गोलकीपर नाहीये, विकेटकीपर आहे.