स्लोप 142 चा (म्हणजे बराच अवघड) गोल्फ कोर्स पहिल्यांदाच खेळायचाय, लाज कशी राखू?

उडता_डिव्हॉट:
नमस्कार मंडळी. पुढच्या रविवारी आम्ही चौघं एका पब्लिक कोर्सवर चाललोय, जो मी आजवर फक्त फोटोत बघितलाय. कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण ग्रुपमधला एकजण इथं गुपचूप वाचत असतो. माझा इंडेक्स (हँडिकॅपचा आकडा, जितका मोठा तितका खेळाडू कच्चा) 20.0, नेहमीचा कोर्स सपाट, पाणी एकाच होलवर, बंकर (वाळूचे खड्डे) असून नसल्यासारखे, तिथं 92 ते 97 मध्ये कसातरी येतो. ह्याचं स्कोअरकार्ड उघडलं आणि पोटात गोळाच आला, पार (चांगल्या खेळाडूकडून अपेक्षित फटके) 72, मागच्या टीवरून (टी म्हणजे होलचा पहिला फटका मारायची जागा) रेटिंग (शून्य हँडिकॅपवाल्याचा अंदाजे स्कोअर) 73.5 आणि स्लोप (साध्या खेळाडूला कोर्स किती जड जातो त्याचा आकडा) 142, पुढच्या टीवरून 70.1 आणि 131. दोघं सिंगल डिजिटवाले (हँडिकॅप दहाच्या आत) आहेत, ते म्हणतात एवढं आलोच आहोत तर मागूनच खेळू, आणि मला नाही म्हणायला जीवावर येतंय. त्यात पहिल्या टीवर मागचा फोरसम (चौघांचा गट) हाताची घडी घालून बघत उभा असणार आणि माझा बॉल टॉप होऊन (फटका वरच्या टोकाला लागून) वीस यार्डांवर गवतात बसणार, हे चित्र मला आत्तापासून दिसतंय. कुठल्या टीवरून खेळू, ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारणारा क्लब) काढू का बॅगेतच ठेवू, आणि बॉल किती नेऊ ते सांगा.

खडूस_कॅडी:
आधी आकडेमोड कर, भीती निम्मी तिथंच जाते. इंडेक्स गुणिले स्लोप भागिले 113 (हा प्रमाण स्लोप), त्यात रेटिंग वजा पार मिळवायचं. मागच्या टीवरून तुझा कोर्स हँडिकॅप (पारच्या वर मिळणारी फटक्यांची सूट) होतो 27, पुढच्या टीवरून 21. म्हणजे मागून 99 मारलेस तर तू तुझ्या हँडिकॅपला खेळलास, आणि लक्षात घे की इंडेक्स हा शेवटच्या 20 स्कोअरपैकी चांगल्या 8 चा असतो, सगळ्यांचा नाही, त्यामुळे साधारण दिवशी तू त्याच्याही वरच जाणार. नव्या कोर्सवर 105 झाले तर ते वाईट खेळणं नाही, ते तुझं नेहमीचंच खेळणं आहे, फक्त कोर्स वेगळा. लोक 92 डोक्यात ठेवून जातात आणि चौथ्या होलला चेहरा पडलेला असतो.

टी पुढचीच घे. मित्रांनी मागून खेळावं, चौघांनी एकाच टीवरून मारलं पाहिजे असं कोणी सांगितलंय? हँडिकॅप तेवढ्यासाठीच असतो.

लांब_पण_वाकडा:
कॅडीसाहेबांशी असहमत, नेहमीप्रमाणे 🙂. भाऊ, अशा कोर्सवर आयुष्यात किती वेळा जाणार आहेस? न्यूयॉर्क राज्यातल्या बेथपेज ब्लॅकच्या पहिल्या टीजवळ पाटीच आहे, कोर्स अत्यंत कठीण आहे, फक्त कसलेल्या गोल्फरांनीच खेळावा अशा अर्थाची, आणि लोक त्या पाटीसोबत फोटो काढून सरळ टी ऑफ करतात. तोही सरकारी पार्कातला पब्लिक कोर्सच. 2002 ची यूएस ओपन तिथं झाली तेव्हा चार दिवसांअखेर पारच्या खाली एकटा टायगर वुड्स होता, 3 अंडर, बाकी सगळं जग पार किंवा त्याच्या वर. तिथं त्यांची ही अवस्था, तर तू आणि मी 110 मारले काय आणि 120 मारले काय, मजा घे आणि मागून खेळ.

वाळूतली_सुमन:
वाकडेदादा, मजा कोणाची, ह्याची का मागं ताटकळणाऱ्या फोरसमची? साधा हिशोब बघा. मागून 430 यार्डांचा पार 4, ह्याचा चांगला ड्राइव्ह 200, पुढं 230 उरले, तिथं हायब्रिड (मधल्या पल्ल्याचा क्लब) 175, आणि मग वेज (जवळच्या फटक्याचा क्लब). म्हणजे एकही शॉट न चुकता तीन फटक्यांत ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ). तोच होल पुढून 370 असेल तर 170 उरतात, निदान दुसऱ्या शॉटला ग्रीनकडे बघता तरी येतं. कोर्स बनवणाऱ्याने जे बंकर, जे पाणी मांडलंय त्याचा विचार करायची वेळ तेव्हाच येते, नाहीतर दिवसभर नुसता रफमधून (वाढलेल्या गवतातून) हायब्रिड हाणत बसायचं.

उडता_डिव्हॉट, टी ठरवायची माझी पद्धत सांगते. कार्ड बघून नाही ठरवायची, कॅरी (बॉल हवेत किती जातो ते) बघून ठरवायची. टीपासून फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा) सुरू होईपर्यंत दरी, पाणी, उंच गवत किती यार्ड आहे ते प्रत्येक होलला बघ, आणि तुझा *नेहमीचा* ड्राइव्ह हवेत तेवढा जातो का ते प्रामाणिकपणे सांग, गेल्या वर्षी एकदा वारा पाठीशी असताना गेलेला तो धरू नकोस. दोन-तीन होलवर जरी उत्तर नाही आलं तरी त्या टीवर उभं राहायचं नाही.

बाकी माझ्या अनुभवातलं, जमेल तसं लिहितेय. ग्रीनच्या पुढच्या बाजूला बंकर आणि पिन (होलमधला झेंडा) त्याच्या मागे असं दिसलं की पिन विसरायचा, मधोमध मारायचा आणि एक क्लब जास्त घ्यायचा, आपण हौशी लोक शॉर्टच पडतो, आणि अशा कोर्सवर सगळा त्रास शॉर्टलाच मांडून ठेवलेला असतो. रफमध्ये बॉल अर्धा बुडालेला दिसला की तिथून पराक्रम करायचा नाही, वेजने आडवा फेअरवेवर काढायचा, एक फटका गेला तर गेला. खोल बंकरमध्ये तर मी पुढचा काठ बघते, जमत नसेल तर मागे किंवा बाजूला खेळते, त्यात कमीपणा कसला? अगदीच अडकलास तर अनप्लेएबल घेऊन (हा बॉल खेळता येत नाही असं ठरवून) बंकरच्या बाहेर, बॉल आणि होलच्या रेषेत मागे ड्रॉप करता येतो, दोन पेनल्टी लागतात, पण आत पाच वेळा कुऱ्हाड चालवण्यापेक्षा ते स्वस्त. पहिल्यांदा अशा कोर्सवर गेले तेव्हा हा नियम मला माहीतच नव्हता, एका होलला अकरा झाले होते.

आणि रेंजवर ड्रायव्हर बडवत बसू नकोस, तो वेळ पटिंग ग्रीनवर घाल. लांबचे पट (ग्रीनवर बॉल जमिनीलगत ढकलायचे फटके) मार, दहा-बारा मीटरचे, होल न बघता नुसता वेग समजून घ्यायला. ग्रीन तुझ्या सवयीपेक्षा फास्ट असणार आणि उताराच्या वरच्या अंगाला बॉल थांबला की तीन पट ठरलेले. आठ फुटांचा पट पीजीए टूरवाले (अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांचे व्यावसायिक) पण साधारण निम्म्याच वेळा घालतात, त्यामुळे तो हुकला म्हणून पटर आपटू नये.

खडूस_कॅडी:
सुमनताई, एकच भर. बॉल डझनभर न्या आणि पेनने खूण करा, रफमध्ये दुसऱ्याचा बॉल मारून बसतात लोक. शोधायला तीनच मिनिटं, पाच मिनिटं 2019 पासून गेली. शंका आली की लगेच प्रोव्हिजनल (पहिला हरवला तर चालणारा राखीव बॉल) मारायचा, आणि तो शब्द तोंडाने उच्चारायचा.

पार_बिर:
ड्रायव्हरचं कोणीच बोललं नाही म्हणून. स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी, 1999 ची ओपन (ब्रिटनमधली मोठी स्पर्धा), शेवटच्या होलला जाँ व्हॅन द वेल्डकडे तीन फटक्यांची आघाडी, सहा मारले तरी जिंकतो. ड्रायव्हर काढला. पुढं दुसरा शॉट प्रेक्षकांच्या स्टँडला आपटला, तिसरा बॅरी बर्न नावाच्या नाल्यात, गडी बूट-मोजे काढून नाल्यात उभा, शेवटी सात, आणि प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. तिकडंही पैसे भरून आपल्यासारखे लोक खेळतात बरं का. तर ड्रायव्हर ने, पण जिथं फेअरवे रुंद आणि चुकलं तरी बॉल सापडेल तिथंच काढ. पहिल्या टीवर हायब्रिड. बघणाऱ्यांचं म्हणशील तर त्यांनी तुझा शॉट दहाव्या सेकंदाला विसरलेला असतो, त्यांना फक्त तू लवकर पुढं सरकावंस एवढंच हवं असतं.

उडता_डिव्हॉट:
सगळ्यांचे आभार, जाऊन आलो. पुढच्या टीवरून खेळलो, आणि गंमत म्हणजे सिंगल डिजिटवाल्यांपैकी एकजण पाचव्या होलनंतर स्वतःच माझ्या टीवर आला 😂 मी 101. सात बॉल गेले. पहिल्या टीवर हायब्रिड मारली, टॉप झाली नाही, सरळ गेली, फार लांब नाही पण सरळ. मागच्या फोरसमने बघितलं सुद्धा नाही, सगळे फोनमध्ये. बंकरचा दोन पेनल्टीवाला नियम बाराव्याला वापरला, ताई तुमच्या नावाने तिथंच नमस्कार केला.

एक भांडण मात्र मिटलेलं नाही. चौदाव्याला माझा ड्राइव्ह उजवीकडच्या झाडीत गेला, मी म्हणालो "थांबा, अजून एक मारतो" आणि दुसरा मारला, तो फेअरवेवर. मग पहिला दोन मिनिटांत सापडला, चांगल्या जागी होता, मी तो खेळलो आणि पाच झाले. मित्र म्हणतो तो पाच खोटा. मी म्हणतो बॉल वेळेत सापडला ना?

खडूस_कॅडी:
मित्र बरोबर आहे. "अजून एक मारतो" म्हणजे प्रोव्हिजनल नाही. तो शब्द नाही किंवा तसा स्पष्ट अर्थही नाही, म्हणजे दुसरा बॉल मारल्या क्षणी तोच खेळात, पहिला मेला, मग तो फुलांच्या ताटात ठेवलेला सापडला तरी. पहिला खेळलास म्हणजे राँग बॉल (चुकीचा बॉल), स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या प्रकारात) दोन पेनल्टी आणि पुढच्या होलला टी ऑफ करण्याआधी परत येऊन दुसरा पूर्ण करायचा, नाहीतर स्पर्धेतून बाद. हौशी राउंड होता म्हणून सुटलास. वर मी लिहिलं होतं, तो शब्द तोंडाने उच्चारायचा म्हणून.

उडता_डिव्हॉट:
वाचलं होतं हो. तोंडात आलंच नाही त्या वेळी.