विषाची वर्गवारी ठरवायला अजून उंदीर हवेतच का?

शाईपेन
रसायनांच्या सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाचे धोके आणि खबरदारी सांगणारे कागद, लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. सध्या टेबलावर एक पॉलिइथर आहे. दाट, बिनरंगी द्रव, कारखान्यात पुढच्या प्रक्रियेसाठी वापरतात. खरेदीदार अडून बसलाय: "तोंडावाटे तीव्र विषारीपणाची उंदरांवरची चाचणी जोडा, मगच ऑर्डर." याच कुळातल्या दोन भावंडांच्या चाचण्या पूर्वी झाल्या आहेत. दोन्हींत वजनाच्या किलोमागे २००० मिलिग्रॅम पाजूनही एकही उंदीर मेला नाही. तिसऱ्यांदा तेच करण्यात मला काडीचा अर्थ दिसत नाही. यातून नवं काही कळणार नाही, फायलीला टाचायला एक कागद मिळेल. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर हाणावं. खरेदीदाराला पत्र लिहायचंय आणि त्यात भोकं राहायला नकोत.

आडवाट
हाणतो. मी शॉप फ्लोअरवर सुरक्षा बघतो. पंपाचं सील फुटतं, होज निसटतो, कुणीतरी शहाणा पिण्याच्या बाटलीत रसायन काढून ठेवतो आणि दुसरा तहानेच्या भरात ती तोंडाला लावतो. त्या माणसाला "भावंडं सालस होती" हे सांगून काय उपयोग? १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइड हे औषध डायएथिलिन ग्लायकॉलमध्ये विरघळवून बाजारात आणलं. चव पाहिली, वास पाहिला, रंग पाहिला. विषारीपणा कुणी पाहिलाच नाही. शंभरावर माणसं गेली, त्यात कितीतरी लहान मुलं. १९३८ चा कायदा त्यातूनच आला. उंदरावर तपासायचं नसेल तर मग माणसावर तपासलं जातं, एवढंच.

घड्याळजी
आडवाट, उदाहरण नेमकं तुमच्याच अंगावर येतंय. डायएथिलिन ग्लायकॉलचा उंदरातला एलडी-५०, म्हणजे निम्मे प्राणी मरतील तो डोस, किलोमागे १२ ग्रॅमच्याही वर आहे. आजची वर्गवारी युरोपात २००० मिलिग्रॅमला थांबते; आकडा त्याच्या वर गेला की विषारी वर्गच नाही. जागतिक पद्धतीतला पाचवा, म्हणजे सगळ्यांत सौम्य, वर्ग जिथे धरतात तिथे ५००० ला. म्हणजे हे रसायन चाचणीला पाठवलं असतं तर उंदीर ठणठणीत राहिला असता आणि लेबल कोरं. युरोपच्या यादीत ते आज चौथ्या वर्गात आहे, ते माणसांवरच्या अनुभवामुळे. मिथेनॉलचंही तेच. शरीरात त्याचं फॉर्मेट बनतं, ते उंदीर झपाट्याने निकालात काढतो. आपल्यात ते साचतं आणि डोळ्याची नस जाते. शिवाय उंदराला उलटीच होत नाही. गिळलेल्या विषाचा अंदाज घ्यायला आपण नेमका असा प्राणी निवडलाय!

आडवाट
मुद्दा मान्य, पण अर्धाच. दोन रसायनांत उंदीर चुकला म्हणून सगळीकडे चुकतो असं नाही. सायनाइड, पॅराथिऑन हे कीटकनाशक, ॲलिल अल्कोहोल यांना तो बरोबर पकडतो. चाळणीला भोकं आहेत म्हणून पीठ न चाळता मळायचं का?

निवडुंग
मी प्रयोगशाळेत हे हाताने केलंय, त्यामुळे थोडं लांबेल.

आदल्या संध्याकाळी खाणं काढून घ्यायचं, पाणी ठेवायचं. सकाळी वजन. साधारण २०० ग्रॅमची मादी असेल तर २००० च्या डोसला ४०० मिलिग्रॅम रसायन, तेही २ मिलिलिटरच्या आत बसवायचं. शेपटीवर मार्करने रेघा: एक, दोन, तीन. मानेमागची सैल कातडी धरून डोकं सरळ करायचं आणि टोकाला गोळी असलेली वाकडी सुई गालाच्या कडेने आत सोडायची. बरोबर गेली तर ती जवळजवळ आपल्याच वजनाने उतरते. जोर लावावा लागला की समजायचं, रस्ता चुकला. तळहाताला तिचे ठोके लागतात, मोजता न येण्याइतके जलद. पहिला अर्धा तास नजर हलवायची नाही, पहिले चार तास फेऱ्या, मग रोज एकदा, १४ दिवस. शेवटी सगळ्यांना मारून उघडून बघायचं, जगलेल्यांनाही. हे "जगलेल्यांनाही" बाहेरच्या लोकांना माहीत नसतं.

एक मादी आठवते. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पाठीला पोक, अंगावरचे केस उभे, डोळे अर्धे मिटलेले, श्वास पोटाने. जुन्या पद्धतीत अशा वेळी मृत्यूची नोंद व्हायची वाट बघत. ठरावीक डोसच्या पद्धतीत, म्हणजे ओईसीडी या देशांच्या संघटनेच्या ४२० नंबरच्या चाचणी-पद्धतीत, ही लक्षणं दिसली की उत्तर मिळालं; मरण मोजायचं कारण नाही. तरी कितीतरी ठिकाणी अजून ४२३ च मागतात, ज्यात एका पायरीला तीन प्राणी घेऊन मेले किती तेच मोजतात.

एक सांगते. हा एलडी-५० चा आकडा लेबलासाठी जन्मलाच नव्हता. १९२७ मध्ये ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने तो काढला तो डिजिटॅलिस, इन्शुलिन असल्या औषधांची ताकद बॅचगणिक सारखी आहे का हे बघायला. पुढे जे येईल ते त्याच फुटपट्टीने मोजलं. शेवटी ओईसीडीनेही जुनी ४०१ नंबरची पद्धत २००२ मध्ये रद्द केली.

घड्याळजी
+१. आणि फुटपट्टीही रबराची. त्याच रसायनाच्या वेगवेगळ्या उंदीर-चाचण्या शेजारी ठेवल्या तर वर्ग जुळण्याचं प्रमाण सरासरी ६० टक्क्यांच्या आसपास भरतं. त्यापेक्षा विषारीपणाचा अंदाज सांगणारी संगणकाची प्रारूपं काय वाईट?

आडवाट
घड्याळजी, ती प्रारूपं शिकली कशावर? सुमारे बारा हजार रसायनांच्या उंदीर-आकड्यांवर! प्रारूप "उंदराचं काय होईल" ते सांगतं. माणसाचं काय होईल हे त्यालाही ठाऊक नाही. ज्या रबरी पट्टीला तुम्ही नावं ठेवताय तिचीच ही झेरॉक्स.

घड्याळजी
झेरॉक्सच आहे. पण झेरॉक्स काढायला कुणाच्या घशात सुई घालावी लागत नाही.

पाऊलखूण
मी आपत्कालीन विभागात डॉक्टर. तुम्हा दोघांचं भांडण मला जरा लांबचंच वाटतं. रात्री दोनला रसायन प्यालेला पेशंट येतो, सोबतचा माणूस मळकी शीट पुढे करतो. मी अकरावा, विषारीपणाचा भाग उघडते. तिथे लिहिलेलं असतं: "एलडी-५०, उंदीर, २००० पेक्षा जास्त." याचं मी काय करू? मला हवं असतं: लक्षणं किती तासांनी दिसतात, झोपाळतो की झटके येतात, यकृत की मूत्रपिंड, फुप्फुसात गेलं तर काय. गंमत म्हणजे निवडुंगताईंनी पिंजऱ्याशी बसून नेमकं हेच वहीत लिहिलेलं असतं! अहवालात ते पानंच्या पानं असतं, शीटपर्यंत येताना एका आकड्यापुरतं उरतं. तेव्हा शाईपेन, उंदीर वाचवायचे तर वाचवा, पण जे आधीच मेलेत त्यांचं सगळं तरी लिहा.

शाईपेन
पाऊलखूण, हा घाव वर्मी लागला. दोन्ही भावंडांचे मूळ अहवाल काल रात्री परत काढले. एकात "पहिल्या चार तासांत सुस्ती, दुसऱ्या दिवशी पूर्ववत" अशी ओळ आहे. मी ती शीटमध्ये घेतली नव्हती. आता घेते.

खडूस_आजोबा
एवढा वेळ वाचतोय, एकानेही साधा प्रश्न विचारला नाही. शुद्धता किती?

शाईपेन
९८ टक्के, आजोबा.

खडूस_आजोबा
आणि उरलेले २?

शाईपेन
मुख्यतः न उरकलेलं ॲलिल अल्कोहोल. रेणूच्या बांधणीची सुरुवातच त्यापासून होते.

आडवाट
अहो, मग हे पहिल्या प्रतिसादात नको का सांगायला! शरीरात त्याचं ॲक्रोलिन नावाचं जहर होतं आणि यकृत सडतं. भावंडांच्या नमुन्यांत ते किती होतं?

शाईपेन
दोन्ही अहवालांत अर्धा टक्का. हो, कळतंय मला. भावंडांचा दाखला या दीड टक्क्याला लागू होत नाही.

आडवाट
म्हणजे चाचणी करा. हेच सांगत होतो.

खडूस_आजोबा
थांबा, घाई नको. मिश्रणाचं गणित असतं कशाला? ॲलिल अल्कोहोलचा उंदरातला आकडा ६४ च्या आसपास. बाकीचा ९८ टक्के भाग बिनविषारी धरला, तर ६४ भागिले ०.०२. आले ३२००. दोन हजाराच्या वर, म्हणजे युरोपच्या नियमाने लेबल नाही. जिथे पाचवा वर्ग मानतात तिथे पाचवा. सहा माद्या मारून तुम्हाला याहून वेगळं काय कळणार होतं? फार तर "मेल्या नाहीत".

आडवाट
गणित बरोबर. पण तो ६४ पण उंदरांचाच, हे नोंदवून ठेवतो. आणि मला उलट प्रश्न आहे: ते २ टक्के दर बॅचला २ च राहतात का? ३.२ टक्के झाले की तुमचे ३२०० थेट २००० वर येतात आणि चौथा वर्ग लागतो.

निवडुंग
याचं उत्तर कुठलाच उंदीर देणार नाही. चाचणीला एका बॅचची एक बाटली जाते. आम्ही बाटलीवरचा नंबर उतरवून घ्यायचो, पुढच्या ड्रममध्ये काय भरलंय हे आम्हाला कोण सांगणार?

शाईपेन
उत्पादकाकडून मागच्या नऊ बॅचचे गॅस क्रोमॅटोग्राफचे, म्हणजे कुठला घटक किती आहे ते मोजणाऱ्या यंत्राचे, अहवाल मागवले. ॲलिल अल्कोहोल टक्क्यांत: सगळ्यांत कमी १.४, सगळ्यांत जास्त २.७.

खडूस_आजोबा
मग २.७ ने करा. २३७० येतात. पत्रात २ ची सरासरी टाकू नका, तेच तुमचं भोक.

आडवाट
आणि खरेदी-करारात वरची मर्यादा ३ टक्के अशी लेखी घ्या, प्रत्येक ड्रमसोबत त्या बॅचचा अहवाल. तेवढं झालं तर या एका रसायनापुरता मी चाचणीचा हट्ट सोडतो. बाकी ठिकाणी नाही.

शाईपेन
३ टक्क्यांची अट उत्पादकाला विचारली. म्हणतो, ऊर्ध्वपातन दोन तास वाढवावं लागेल, खर्च कोण देणार? खरेदीदाराला तोच प्रश्न आज पाठवलाय, सोबत उंदीर-चाचणीचं दरपत्रकही जोडलंय.