खाण्यावरची बालगीतं: प्रत्येक गाण्याला वेगळी संगीतशैली कशाला?

तालवेडी
खाण्यावरच्या बालगीतांच्या संचात गाजराचं गाणं जमैकाच्या रेगेत, केळ्याचं वॉल्ट्झ या युरोपी नाचाच्या तालात, वाटाण्याचं ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गानशैलीत असतं, हे मला मनापासून आवडतं. गाजर, केळं मुलांच्या रोजच्या ओळखीचं. शब्दांत डोकं अडकत नाही, त्यामुळे कान तालाला मोकळा राहतो. वॉल्ट्झच्या तीन मात्रांवर डोलणारं मूल रेगे लागताच गुडघ्यात वाकून उसळ्या मारायला लागतं, कारण तिथे गिटारचा ठोका मात्रेवर नाही, दोन मात्रांच्या मधे पडतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

एकसूर
सहमत नाही. लहान मुलांना तेच ते हवं असतं. एकच गाणं पुन्हा पुन्हा लावायला लावतात. शिवाय शैली बऱ्याचदा वरवरची असते. ब्लूज म्हणून माउथ ऑर्गनचे दोन सूर टाकायचे, पण पहिली ओळ पुन्हा म्हणून तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं, हा ब्लूजचा गाभाच गायब! त्यापेक्षा चारच गाणी करा, पण नीट करा.

तालवेडी
वरवरच्या कामाबद्दल तुमचं बरोबर आहे. पण वैविध्य नकोच, हे पटत नाही. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं, की उत्तर अमेरिकेतल्या ६ महिन्यांच्या बाळांना बाल्कन (आग्नेय युरोपातल्या) संगीतातल्या विषम तालात झालेला बदलही कळतो. १२ महिन्यांच्या बाळांना तो कळेनासा होतो, पण थोडे दिवस ते संगीत घरी ऐकवलं की पुन्हा कळू लागतो. मोठ्या माणसांना तेवढ्यानं जमत नाही. मग कान तयार होण्याच्या वयात एकच ठेका का ऐकवायचा?

साधं_ताट
माझा आक्षेप वेगळाच आहे. ही गाणी लावतात ती भाजी गळी उतरवायला. नवा पदार्थ नाकारणं दोन ते सहा या वयात अगदी स्वाभाविक, आणि ते कमी होतं पुन्हा पुन्हा चव घेऊन, कधीकधी दहा-पंधरा वेळा. मुलांच्या खाण्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ लीअन बर्च यांच्या प्रयोगात मुलांना जे पदार्थ नुसते दाखवले, ते दिसायला आवडू लागले, चवीला नाही. मग गाण्यानं काय साधणार? उलट ‘शहाणं बाळ सगळं संपवतं’ असल्या ओळींनी पोट भरलेलं मूलही मन मारून खात बसतं. मला याचा खरंच राग येतो.

तालवेडी
अशा ओळी मलाही नकोत. गाणं खाऊ घालण्यासाठी नाहीच मुळी. गाजराचा कडकड आवाज हाच ठेका धरला, टोमॅटो चावताना हनुवटीवर ओघळणारा रस गाण्यात आला, की बास. खायचं की नाही ते मूल ठरवेल.

एकसूर
हे मान्य. पण वेगाचं काय? स्विंगमधली, म्हणजे नाचायच्या जॅझमधली गाणी एवढी पळतात की मुलांना मधे श्वास घ्यायला जागाच नसते. ती नुसती ऐकत राहतात.

साधं_ताट
त्याला उपाय आहे. मोठ्यांनी लांब ओळ म्हणायची, मुलांनी फक्त शेवटचा शब्द ओरडायचा. ‘वाटाणे!’ म्हणून ओरडायला दम लागत नाही.

एकसूर
चालेल. मात्र तो शब्द मुलांच्या पट्टीत हवा. मोठ्या गायकांच्या सोयीची पट्टी धरली, तर मुलं पुन्हा गप्प बसतील.