सहावी-सातवीच्या मुलांसाठी वर्षभर चालणारा पर्यावरण प्रकल्प कोणता घ्यावा?

प्रश्न – शिक्षिका, डिचोली तालुका, गोवा

नमस्कार. मी सहावी व सातवीला विज्ञान शिकवते. दरवर्षी ५ जून रोजी आम्ही रोपे लावतो, फलक रंगवतो आणि त्यानंतर पर्यावरण हा विषय पाठ्यपुस्तकापुरताच उरतो. मुलांनी स्वतः काही मोजावे, नोंदी ठेवाव्यात आणि त्यांवरून निष्कर्ष काढावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. शाळेजवळून एक व्हाळ (लहान ओढा) वाहतो. पावसाळ्यात त्याचे पाणी तांबडे होते आणि मुले कारण विचारतात. साधने बेताची आहेत, तासिका आठवड्याला एकच मिळेल. सुरुवात कोठून करावी?

उत्तर – निवृत्त भूगोल शिक्षक, फोंडा

बाई, प्रश्न मुलांनीच विचारला आहे, तेव्हा व्हाळच घ्यावा. एका पारदर्शक सरळ नळीचे खालचे तोंड बंद करून तळाशी काळ्या-पांढऱ्या रंगाची खूण चिकटवावी आणि बाजूला सेंटिमीटरची पट्टी लावावी. वरून पाहताना खूण दिसेनाशी होईपर्यंत नळीत पाणी ओतत जावे व तेथवरची उंची लिहावी. पाणी जितके गढूळ, तितकी ही उंची कमी भरते. तेच पाणी बाटलीत एक दिवस स्थिर ठेवल्यास तळाशी बसलेल्या गाळाचा थरही मोजता येतो. जोडीला शाळेच्या अंगणात सरळ बाजूंच्या बरणीचे पर्जन्यमापक ठेवावे. एक चौरस मीटर जागेवर पडलेला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी, हा हिशेब शाळेच्या छपराला लावून पाहण्यात मुले रमतात.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. आपली जांभ्या दगडाची माती लोहामुळे मुळातच तांबडी आहे, म्हणून पाणी लाल दिसताच लोहखनिजाच्या खाणीकडे बोट दाखवणे हा निष्कर्ष ठरत नाही. वरच्या अंगाला रानातून येणारे पाणी आणि उघडी पडलेली जमीन ओलांडल्यानंतरचे पाणी एकाच दिवशी घेऊन तुलना केली, तरच मुलांना काही सांगता येईल. नमुने मोठ्यांनी साकवावरून (लहान पुलावरून) बादली सोडून काढावेत. पावसात मुलांना काठावर उतरू देऊ नये आणि पाण्याने भरलेल्या जुन्या खाणखंदकांकडे तर मुळीच नेऊ नये.

उत्तर – पालक, तिसवाडी

वरील पद्धत उत्तम आहे, परंतु लहान व्हाळ उन्हाळ्यात आटतो; तेव्हा मुलांच्या हाती काय राहील? त्यासाठी झाडे घ्यावीत. ‘सीझनवॉच’ या देशव्यापी उपक्रमात एकच झाड निवडून दर आठवड्याला त्याची पालवी, फुले व फळे ‘नाहीत, थोडी, पुष्कळ’ अशा तीन श्रेणींत नोंदवतात. आंबा, फणस, बहावा ही झाडे बहुतेक शाळांच्या आसपास असतातच.

आमच्या भागातील शाळांना मी खाजन शेती, म्हणजे भरतीचे पाणी बांध घालून अडवलेल्या सखल जमिनीवरची शेती, सुचवतो. भरतीच्या दाबाने मानशीची (बांधातील पाणी सोडण्याच्या मार्गाची) दारे मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर जाते, हे मुलांनी बांधावर उभे राहून पाहिले पाहिजे. नदीचे पाणी मे महिन्यात आणि पुन्हा भर पावसात समान मापाने ताटलीत घेऊन उन्हात किंवा खोलीतल्या उबेत सुकवले, तर उरलेल्या मिठाच्या फरकावरून कोरगुटासारखे खारटपणा सोसणारे भात येथे का पेरले जात आले, हे त्यांना उमगते.

शिक्षिका, डिचोली

आपणा दोघांचे आभार. व्हाळ आणि झाड, दोन्ही घेते. चतुर्थीच्या सुट्टीत नोंदी तुटतील, त्या कशा भरून काढाव्यात? आणि वर्षअखेरीस या नोंदींचे करावे काय?

उत्तर – निवृत्त भूगोल शिक्षक, फोंडा

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार पंचायत पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे स्थानिक झाडे-प्राणी व त्यांविषयीच्या माहितीची नोंद, तयार करणे हे तिचे काम आहे. मुलांनी घरच्या आजी-आजोबांकडून व्हाळातील माशांची व काठच्या झाडांची नावे गोळा करावीत. पाचवीपासून शिक्षण बहुधा इंग्रजीतून होत असल्याने ही नावे वर्गात क्वचितच उच्चारली जातात, म्हणून ती जशी ऐकली तशीच लिहावीत आणि झाडांच्या नोंदींसह समितीपुढे मुलांनीच मांडावीत.

सुट्टीतील नोंद अंदाजाने भरू नये. शेजारी राहणारे मूल बरणी पाहू शकले तर उत्तम. अन्यथा ती चौकट रिकामी ठेवून ‘सुट्टी’ असे लिहावे आणि आलेख काढताना तेथे रेषा तोडावी.