मदत हवी आहे: आप्पांसाठी 'व्यायामाची गोळी' आणली आहे, देऊ नये असं वाटतं. मग गुडघे झिजलेल्या माणसाने करायचं काय?

नमस्कार मंडळी,

आप्पा, म्हणजे माझे वडील, ६८ वर्षांचे. चोपडा तालुक्यात केळी आणि कापूस. ठिबक येईपर्यंत रात्री-अपरात्री बारे द्यायला जाणारा माणूस. आता शेत धाकटा भाऊ बघतो. गेल्या पावसाळ्यात आप्पा गोठ्यात घसरून पडले, हाड वाचलं, पण तेव्हापासून खाट सुटत नाही. दोन्ही गुडघे झिजलेत. साखर बारा वर्षांपासून आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लायमिपिराइड चालू आहे, तरी तीन महिन्यांची सरासरी ८.९ आली. मी जळगावला नोकरीला, रविवारी घरी जातो. परवा त्यांना धोतर नेसायला मदत करताना मांडीला हात लागला. पऱ्हाटीसारखी झालीय. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता मूळ मुद्दा. पुण्याला जिमला जाणारा भाचा एक बाटली घेऊन आलाय. ऑनलाइन मागवली म्हणतो. वर 'एसएलयू-पीपी-३३२' असं लिहिलंय. "आजोबा, ही घेतली की बसल्या जागी चालल्याचा फायदा." आप्पा लगेच तयार. मला म्हणाले, "आते चालानं वय शे का मन्हं? गोळी दे."

मी दोन रात्री जे सापडलं ते वाचलं. हे औषध खरं आहे, थाप नाही. स्नायूंच्या पेशीत काही ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारे रेणू) असतात, ते आपण पळतो तेव्हा जागे होतात आणि पेशीला चरबी जाळायला लावतात. हे रसायन तेच ग्राहक न पळता जागे करतं. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उंदीर आधीपेक्षा सुमारे ७० टक्के जास्त वेळ पळाले, लठ्ठ उंदरांचं वजन १२ टक्के उतरलं. पण ते सगळे उंदीरच, आणि त्यांना ते टोचून दिलं होतं. मग या बाटलीतल्या कॅप्सूलमध्ये नक्की काय भरलंय?

त्याआधीचं असंच एक रसायन, जीडब्ल्यू-५०१५१६, ज्याला बाजारात कार्डारिन म्हणतात, त्याची गोष्ट वाचून तर मी बाटली कपाटात कुलूपबंद केली. २००८ मध्ये ते आणि आयकार अशा दोन रसायनांवरचा शोधनिबंध खूप गाजला. आयकार दिलेले, अजिबात न पळवलेले उंदीर चार आठवड्यांनी ४४ टक्के जास्त अंतर पळाले. पण कार्डारिन बनवणाऱ्या कंपनीने २००७ मध्येच त्याचं काम थांबवलं होतं, कारण प्राण्यांमध्ये गाठी, कॅन्सर दिसले. २०१३ मध्ये जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने खेळाडूंना जाहीर सावध केलं. तरी ते ऑनलाइन विकलं जातंच.

तेव्हा गोळी मी देणार नाही, ते ठरलंय. पण नुसतं "नाही" म्हणून मी जळगावला निघून आलो तर आप्पा पुन्हा खाटेवर. "चाला" म्हणणं सोपं आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ ला जातो, सकाळी नऊनंतर अंगणात पाय ठेववत नाही, आणि त्यांना दहा पावलांत कळ येते. चालता न येणाऱ्या माणसाने काय करायचं? आणि आप्पांना गोळीचं समजावू कसं?

---

फिजिओ धुळे: दादा, बाटली कुलपात ठेवलीत ते उत्तम. आता चालण्याचं तूर्त डोक्यातून काढा. आधी मांडीचा पुढचा स्नायू. गुडघ्याचा भार तो उचलतो आणि पडून राहिलं की तोच आधी वितळतो. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, सावकाश खाली. दोन्ही पायांना दहा-दहा वेळा. सावलीत, पंख्याखाली होतं, उन्हाचा प्रश्न नाही. जमलं की उंच खुर्चीवरून हात टेकून उठणं-बसणं. जेवणानंतर अर्ध्या तासाने केलंत तर साखरेलाही फायदा, कारण काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढतो.

एक मात्र नक्की करा: ग्लायमिपिराइड चालू आहे, त्यामुळे हालचाल वाढली की साखर एकदम उतरू शकते. थरथर, घाम आला तर लगेच साखरपाणी. सुरुवातीआधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा, हृदयाची तपासणी झाली नसेल तर करून घ्या. आणि तळपाय रोज बघा.

तापीकाठची: माझी आई भुसावळला, तिचंही असंच होतं. "व्यायाम" म्हटलं की तोंड फिरवायची. मग तिच्यापुढे शेंगा फोडायला ठेवायचो, टोपलं मुद्दाम दोन हात लांब. दर वेळी उठावं लागायचं. आप्पांना शेतातलं काहीतरी द्या हो, जिममधलं नको.

आणि गोळीचं म्हणाल तर त्यांना सांगा, मेटफॉर्मिन तुम्ही घेताच आहात. २००२ च्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना मेटफॉर्मिन दिल्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ३१ टक्क्यांनी घटलं, आणि आहार सांभाळून आठवड्याला १५० मिनिटं हालचाल करणाऱ्यांत ५८ टक्क्यांनी. आप्पांना साखर आधीच आहे, आकडे जसेच्या तसे लागू नाहीत, पण शेतकऱ्याला जवळपास दुप्पट उतारा लगेच कळतो.

मूळ प्रश्नकर्ता: दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांना काल भेटलो, बाटली दाखवली. त्यांनी ठेवून घेतली आणि ग्लायमिपिराइडची मात्रा थोडी कमी केली. भाच्यालाही फोन केला. तो स्वतः घेत होता, ते मला माहीतच नव्हतं. बंद करतो म्हणालाय, रविवारी समोर बसवून बोलणार आहे.

आप्पांना ५८ आणि ३१ सांगितलं. काही बोलले नाहीत. संध्याकाळी भावाचा फोन आला, आप्पांनी खाटेवर बसून उजवा पाय सात वेळा उचलला, डावा चार. फिजिओताई, डावा जास्त दुखतो, तर त्याला कमी वेळा चालेल का? आणि खुर्ची किती उंच घेऊ? घरात आहे ती प्लास्टिकची, जरा डुलते.